कुत्र्याला घेऊन डोंगरात: रोहण्याहून निघताना खर्च किती, कागद कोणते

आधी डोंगर ठरवा, गाडी नंतर. कुत्रा सोबत असेल तर हा क्रम चुकवू नका. बहुतेक जण गाडी सांगतात, चिखलदऱ्याला खोली घेतात आणि जंगलाच्या गेटवर पोहोचल्यावर कळतं की कुत्रा आत जाणार नाही. मग घरातला एक जण कुत्र्याजवळ थांबतो आणि त्याच्या तिकिटाचे पैसे पाण्यात जातात.

आपल्या वर्धा-आर्वी भागाची अडचण अशी की जवळचे बरेचसे डोंगर वाघाच्या जंगलात आहेत. सेलू तालुक्यातलं बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. मेळघाट तर देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. दोन्हीकडे सफारीच्या गेटवरून पाळीव कुत्रा आत नेता येत नाही. पट्टा बांधलाय, गाडीतून उतरवणार नाही, लहान पिल्लू आहे, यातलं काहीही चालत नाही, आणि ते योग्यच आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यामागे कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू होता. हा मूळचा कुत्र्यांचा रोग. गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका आणि 'पाचशे द्या, सोडतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या मागे जाऊ नका. आत पकडले गेलात तर दंड तुम्हीच भराल.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. गावातले रस्ते, भीमकुंडाकडची बाजू, देवी पॉइंट, पंचबोल हा भाग कुत्र्याला घेऊन फिरायला बरा, तोही सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. देवी पॉइंटला मंदिर आहे, कुत्र्याला बाहेरच ठेवा. वैराटचं टोक जंगलात येतं, ते यादीतून काढा. गाविलगडावर जायचं असेल तर गेटवर आधी विचारा, तिकीट नंतर काढा. मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी आणखी शांत आहे, पण महाशिवरात्रीच्या जत्रेच्या दिवसांत तिकडे कुत्रा नेऊ नका.

सह्याद्रीत जायचं असेल तर समृद्धी महामार्ग सोयीचा आहे. विरूळचा इंटरचेंज रोहण्याजवळ आहे, इगतपुरीला उतरलात की भंडारदरा जवळ. पण कळसूबाई आणि रतनगड हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. कुत्रा नेण्याआधी वनविभागाला विचारा आणि होकार लेखी घ्या. शिवाय १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत. कुत्रा शिडी चढत नाही, पंधरा-वीस किलोचं जनावर खांद्यावर घेऊन चढणं दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर उंच, तिथे गर्दी कमी. पण तो संरक्षित किल्ला आहे, २०२५ पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. तिथेही आधी विचारा. पायथ्याच्या गावात मुक्काम आणि आसपास भटकंती, एवढा बेत कुत्र्यासाठी पुरेसा आहे.

गाडी: भाड्याची की घरची

झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन राज्यात भाड्याने मिळते. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे. मात्र अशा गाड्या प्रामुख्याने पुणे-मुंबईकडे आहेत. चालकासह दिवसाला साधारण ८,००० ते १५,००० रुपये सांगतात. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

पहिला प्रश्न हा विचारा: मीटर कुठून सुरू होतो? 'गॅरेज टू गॅरेज' असेल तर पुण्याहून रोहण्याला रिकामी येणारी गाडी आणि परत रिकामी जाणारी गाडी, दोन्हीचे किलोमीटर तुमच्या माथी. समजा रोज ३०० किलोमीटर भाड्यात धरलेत आणि त्यापुढे किलोमीटरला २० रुपये. रोजचे ३०० तुमच्या फिरण्यातच संपले तर रिकाम्या येण्या-जाण्याच्या १,३०० किलोमीटरचा २६,००० रुपयांचा हिशेब वेगळा उभा राहतो. तीन दिवसांच्या सहलीला हे परवडत नाही. त्यापेक्षा रेल्वेने किंवा घरच्या गाडीने पुण्याला जा आणि गाडी तिथूनच घ्या.

मग बाकीचे आकार. चालकाचा रोजचा भत्ता, रात्री गाडी चालवली तर वेगळा. जनरेटर किंवा एसी तासावर. टोल, पार्किंग, परराज्याचा कर तुमचा. कुत्र्यासाठी 'साफसफाई शुल्क', जे बुकिंगच्या वेळी सांगत नाहीत आणि परत देताना गादीवरचे केस दाखवून अनामतीतून कापतात. यावर उपाय एकच: गाडी ताब्यात घेताना आतल्या गाद्या, पडदे, पत्रा यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कुत्र्याचं वजन आणि जात मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि 'एकूण रक्कम, वर काही नाही' असं उत्तर लेखी मागा. फोनवरचा होकार धरू नका.

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली आणि मालक ओळखीचा असला तरी. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चालकासह भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची काळी, अक्षरं पिवळी.

माझं मत विचाराल तर चार माणसं आणि एक कुत्रा यांच्यासाठी घरची गाडीच बरी. मागची सीट पाडा, त्यावर गादी टाका, खिडक्यांना जाळी लावा. सीट कायमची काढून पलंग ठोकायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या, आपल्यासाठी ते वर्ध्याचं कार्यालय, एमएच ३२. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय केलेला फेरबदल बेकायदेशीर ठरतो आणि प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. गॅरेजवाला 'काही होत नाही' म्हणतो, पण आरसीवर नाव त्याचं नसतं, तुमचं असतं.

स्वयंपाकासाठी घरचं १४.२ किलोचं सिलिंडर गाडीत टाकू नका. ५ किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. शेगडी गाडीबाहेर पेटवा. आणि उघड्या हौद्याच्या गाडीत कुत्र्याला मागे दोरीने बांधून नेऊ नका. गचका बसला की कुत्रा बाहेर पडतो आणि दोरी गळ्याला आवळते.

टोल आणि डिझेल

समृद्धीवर १ एप्रिल २०२५ पासून कार-जीपला किलोमीटरमागे २.०६ रुपये आणि मिनीबसला ३.३२ रुपये दर आहे. विरूळ ते इगतपुरी सुमारे ५३० किलोमीटर, म्हणजे कारला एका बाजूने अंदाजे १,१०० रुपये आणि मिनीबसच्या वर्गात बसणाऱ्या कॅराव्हॅनला १,७५० च्या आसपास. भाडं ठरवताना गाडी टोलच्या कोणत्या वर्गात येते ते विचारा. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धीवर तो चालत नाही, त्याच्या भरवशावर फास्टॅगमध्ये शिल्लक शून्य ठेवू नका. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून कुत्र्याला शू करायला उतरवणं धोक्याचं आहे, पंपाच्या आवारातच थांबा.

चिखलदऱ्याचा हिशेब सोपा. अमरावती-परतवाडा मार्गे जाऊन-येऊन आणि वरचं फिरणं मिळून ३५० किलोमीटर धरा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी असेल तर डिझेल २,२०० रुपयांच्या आसपास. वर नगरपरिषदेचा पर्यटक कर आणि वाहनाचा आकार, पावती मागून घ्या. व्याघ्र प्रकल्पातल्या काही रस्त्यांवर रात्री गेट बंद होतं, म्हणून दिवस मावळायच्या आत पोहोचा.

कुत्र्याचे कागद

लसीचं पुस्तक, मूळ प्रत. त्यात रेबीजच्या लसीची तारीख एका वर्षाच्या आतली हवी. पहिल्यांदाच टोचून घेणार असाल तर निघण्याआधी किमान २१ दिवस, महिना असेल तर उत्तम. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लसही झालेली हवी. नोंदणीकृत पशुवैद्यकाचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला निघण्याच्या दोन-चार दिवस आधी घ्या. महिन्याभराचा जुना दाखला कुणी धरत नाही. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

रेबीजची लस खासगीत साधारण २०० ते ५०० रुपये, एकत्रित लस ५०० ते १,०००. आर्वीच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात खर्च बराच कमी, पण लस शिल्लक आहे का ते फोन करून विचारा, सकाळी जा. गंभीर दुखणं असेल तर नागपूरच्या सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, तो मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

गावठी कुत्र्यालाही हेच सगळं लागू. दाखल्यावर जातीच्या रकान्यात तसं लिहितात, त्यात कमीपणा काही नाही, आणि डोंगर चढायला तेच जास्त काटक असतात. चपट्या नाकाच्या जातींना, पग वगैरे, चढ आणि ऊन दोन्ही झेपत नाही. त्यांना घरी ठेवा.

मोठा कुत्रा रेल्वेने न्यायचा असेल तर पर्याय दोनच. प्रथम श्रेणीतला पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पार्सल कार्यालयात आधी बुक करा. न कळवता स्लीपरमध्ये नेलंत तर आकाराच्या सहापटपर्यंत वसुली होते.

चालताना आणि मुक्कामाला

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढेच महिने धरा. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन कुत्र्याच्या पंजांना सहन होत नाही. हाताचा पालथा पंजा डांबरावर पाच सेकंद ठेवा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो. दिवसा बंद गाडीत दहा मिनिटंही सोडू नका. बाहेर ३० अंश असलं तरी अर्ध्या तासात आत ४५ च्या वर जातं. काच चार बोटं उघडी ठेवून काही उपयोग होत नाही.

पावसाळा संपल्यावर डोंगरात कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याचं कुसळ टोकाला सुईसारखं आणि मागे वळत नाही असं: एकदा बोटांच्या बेचक्यात शिरलं की प्रत्येक पावलाला पुढे सरकतं, पू होतो आणि शेवटी चिरा देऊन काढावं लागतं. तो खर्च हजारांत जातो. दर दोन तासांनी थांबा, चारही पंजे उलटे करून बोटं फाकवून बघा, कान उलटून आत बघा. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल तर कानात कुसळ आहे असंच समजा. चिमट्याने दिसतंय तेवढं काढा, आत गेलेलं उकरू नका, दवाखाना गाठा.

गोचीड दुसरा शत्रू. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी मानेवर टाकायचे थेंब किंवा चघळायची गोळी द्या, वजनाप्रमाणे ५०० ते १,५०० रुपये. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती, पांढरट हिरड्या दिसल्या तर रक्ततपासणी करा. गोचीड तापाचं औषध लवकर सुरू झालं तर कुत्रा वाचतो, उशीर झाला तर हाताशी काही राहत नाही.

पाणी घरचं न्या. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटर-दीड लिटर, चालणं असेल त्या दिवशी त्याच्या दुप्पट. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, घाटात ओकारी होते.

रात्री कुत्रा गाडीच्या आत. तंबूबाहेर, झाडाला, गाडीच्या चाकाला बांधू नका. बिबट्याचं ते आवडतं भक्ष्य आहे, आणि बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही. 'तो भुंकून राखण करेल' म्हणून बाहेर ठेवणारे लोक आहेत. भुंकण्याने बिबट्याला फक्त पत्ता कळतो.

मुक्कामाच्या ठिकाणी 'कुत्रा चालतो का' एवढंच विचारू नका. विचारा: खोलीत की आवारात, रात्रीला जादा किती, अनामत किती, कधी परत. 'हो, आणा' म्हणून दारात ५००-१,००० रुपये मागणारे भेटतात. गाडी आवारात लावून झोपायचं असेल तर रात्रीला ३०० ते ५०० रुपयांत ठरवा, त्यात संडास आणि पाणी धरलेलं असू द्या.

मेळघाटातल्या कोरकू गावांतून जाताना पट्टा सोडू नका. शेळ्या, कोंबड्या मोकळ्या असतात. तुमच्या कुत्र्याने कोंबडी धरली तर घासाघीस न करता बाजारभावाने पैसे द्या, त्या घरासाठी ती कमाई आहे. माणसाला चावला तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात घेऊन जा, लसीचं पुस्तक दाखवा. निष्काळजीपणा ठरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

घरच्या गाडीने दोन रात्री चिखलदरा, चार माणसं आणि कुत्रा, लसी आधीच झालेल्या असतील तर ७,००० ते १०,००० रुपयांत बसतं. त्याशिवाय ३,००० रुपये कुत्र्याच्या दवाखान्यासाठी वेगळे बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. निघण्याच्या महिनाभर आधी लसीचं पुस्तक उघडून रेबीजची तारीख बघा. ती संपली असेल तर आधी लस, मग सहलीची तारीख.