सैन्याची वही

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. दहावीच्या पेपरनंतर मराठीत सलग एक पानही लिहिलेलं नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. विषय मात्र हॉस्टेलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे!

आमच्या विंगमध्ये 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' खेळतात. गेम १९९९ चा, म्हणजे आम्हां सगळ्यांपेक्षा वयाने मोठा. तो बाजारात आणणारी थ्रीडीओ कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण गेम अजून कुठल्याही रडक्या लॅपटॉपवर चालतो. आम्ही 'हॉट सीट' खेळतो, म्हणजे एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने. एक पाळी म्हणजे गेममधला एक दिवस. दुसरीची पाळी चालू असताना आपण भिंतीकडे तोंड करून बसायचं. साहजिकच तिचं सैन्य कुठून कुठे गेलं ते कळत नाही. आपली पाळी आली की नकाशावर जे दिसेल त्यावरून अंदाज बांधायचा. तो कसा बांधावा, त्याचा हा धडा. मी तो चूक करून शिकले, तेही सांगते.

१. चाल कशी मोजायची

प्रत्येक हिरोला रोज सकाळी चालीचे पॉइंट मिळतात. किती, ते त्या सकाळी त्याच्या सैन्यात सगळ्यात हळू चालणारा कोण आहे यावर ठरतं. वेग ३ असेल तर १५००, ४ असेल तर १५६०, ९ असेल तर १९०० आणि ११ किंवा त्याहून जास्त असेल तर २०००. बाकीचे कितीही चपळ असोत, एक मंद गडी सगळ्यांना मागे खेचतो. (ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

आता खर्च. गवतावर एका पावलाला १००, वाळूत किंवा बर्फात १५०, दलदलीत १७५. कच्च्या रस्त्यावर ७५ आणि फरसबंद रस्त्यावर ५०. तिरकं पाऊल टाकलं तर साधारण १.४१ पट. हा आकडा कुठून आला ते फर्स्ट इयरवाल्यांनी सांगावं! उरलेले पॉइंट दुसऱ्या दिवशी मिळत नाहीत. हिरोची खास कौशल्यं वाढवली की हे आकडे बदलतात, पण सुरुवातीला एवढं पुरे.

२. वहीत काय लिहायचं

जुन्या जर्नलची कोरी पानं घ्या आणि ऑब्झर्वेशन टेबल आखा. रकाने असे: आठवडा व वार, शत्रूचा हिरो, कुठे दिसला, सैन्यात कोण, सगळ्यात हळू कोण, आणि उद्या जास्तीत जास्त किती पावलं. शत्रूवर राइट क्लिक केलं की नेमकी संख्या दिसत नाही, शब्द दिसतो. 'पॅक' म्हणजे १० ते १९, 'लॉट्स' म्हणजे २० ते ४९, 'होर्ड' म्हणजे ५० ते ९९. अशा वेळी दोन्ही टोकं लिहायची आणि बचाव मोठ्या आकड्यावर आखायचा.

३. माझी चूक

गेल्या सेमिस्टरला मी आणि रूममेट समोरासमोर होतो. माझी वही अगदी अपडेट. तिचा मुख्य हिरो माझ्या किल्ल्यापासून ४४ पावलांवर दिसला. मध्ये सरळ कच्चा रस्ता. सैन्यात वॉकिंग डेड, वेग ३. हिशोब केला: १५०० भागिले ७५, म्हणजे दिवसाला २० पावलं. ती तिसऱ्या दिवशी पोहोचणार. मी निवांत माझी फौज खाणीवर पाठवली.

दुसऱ्याच पाळीला किल्ला तिचा!

मी सरळ म्हटलं, "तू चीटिंग केलीस." ती एवढंच म्हणाली, "वही बघ ना तुझी," आणि लॅपटॉप बंद करून झोपली. त्यानंतर आठ दिवस आम्ही एका खोलीत राहून बोललो नाही. लॅबमध्येही पार्टनर, त्यामुळे रीडिंग ती घ्यायची, मी लिहायची, आणि मध्ये फक्त आकडे बोलायचे.

नवव्या रात्री झोप येईना म्हणून मी त्या दिवसाचा सेव्ह उघडला आणि तिच्या बाजूने पाहिलं. रस्त्यात विसाव्या पावलावर तिचा दुसरा हिरो उभा होता, जवळ फक्त एक ड्रेड नाइट, वेग ९. म्हणजे १९०० पॉइंट, २५ पावलं. पहिल्या हिरोने सैन्य तिथपर्यंत आणलं, एक शिपाई स्वतःकडे ठेवून बाकी सगळं याच्या हवाली केलं, आणि हा ताज्या दमाचा गडी उरलेली २४ पावलं चालून आला. पॉइंट सकाळीच ठरलेले असतात. दुपारी वॉकिंग डेड हातात आले म्हणून ते कमी होत नाहीत. सगळं नियमात होतं. तो दुसरा हिरो माझ्या वहीतही होता, पण 'एकच शिपाई, दुर्लक्ष करावे' असा शेरा मारून.

४. दुरुस्ती

(अ) हिरो आणि सैन्य यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. हिरो थांबतो, सैन्य हात बदलत पुढे जातं.
(ब) शत्रूचा प्रत्येक हिरो लिहा, रिकामा वाटला तरी. रस्त्यात ओळीने हिरो उभे दिसले की ती साखळी समजा आणि सगळ्यांच्या पावलांची बेरीज करा.
(क) वेग लिहाल तिथे तारीखही लिहा. मंद शिपाई रात्री दुसऱ्याकडे ठेवले की सकाळी तोच हिरो जास्त चालतो. कालचा वेग आज खरा असेलच असं नाही.
(ड) आकडे जुळले नाहीत तर आधी आपली वही तपासा. समोरच्याला चोर म्हणायला नंतरही वेळ असतो.

शेवटचा नियम गेमच्या मॅन्युअलमध्ये नाही. सकाळी मेसमध्ये मी दोन चहा घेतले, एक तिच्यापुढे ठेवला आणि वही उघडून दाखवली. तिने माझा 'दुर्लक्ष करावे' हा शेरा वाचला, पेनने खोडला आणि म्हणाली, "व्हायव्हा झाल्यावर रीमॅच."

रीमॅच झाली. तीही मी हरले, पण या वेळी कशी हरले ते वहीत बरोबर लिहिलंय.