कानातला वाटाड्या

परमुलखातील शहरात उतरलेल्या प्रवाशास पहिली उणीव भासते ती वाटाड्याची. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील पाणीमहाल पाहताना सोबत कोणी जाणता असला, म्हणजे धरणाच्या पोटात महाल कसा बांधला हे तो बोट दाखवून सांगतो. विदेशात असा जाणता गाठणे खर्चाचे असते आणि तो हाताशी असेलच असेही नाही.

या अडचणीवर आता एक सोपा उपाय निघाला आहे. जाणकार मनुष्य शहराची फेरी पायी करण्याजोगी आखतो व तिचे वर्णन ध्वनिमुद्रित करून ठेवतो. प्रवासी ते मोबाइलवर उतरवून घेतो आणि त्याच वाटेने चालत ऐकतो. रिक स्टीव्ह्ज या अमेरिकन प्रवासलेखकाने युरोपातील अनेक स्थळांच्या अशा फेऱ्या विनामूल्य दिल्या आहेत. मात्र त्या निघण्यापूर्वीच उतरवून घ्याव्यात. परक्या देशात इंटरनेट मिळेलच याचा भरवसा नसतो. निवेदन इंग्रजीत असल्याने कान सरावलेला नसेल तर ते घरीच एकदा ऐकून ठेवणे बरे. वाहनांच्या रस्त्यावर एक कान मोकळा ठेवावा, हे तर सांगावयासच नको.

इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे चालताना कानातला आवाज 'येथे थांबा, खाली पाहा' असे सुचवतो, तेव्हा फरसबंदीत चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिसू लागतात. रस्त्याच्या मध्यभागी उंच दगड बसविलेले आहेत. रस्त्यातून पाणी व घाण वाहत असे. पादचाऱ्यांनी या दगडांवरून कोरड्या पायांनी पलीकडे जावे आणि दोन दगडांमधील फटींतून गाड्यांची चाके निघून जावीत, अशी ती योजना होती. कोणी सांगितले नसते, तर शेकडो प्रवासी त्या दगडांना नुसती ठेच लागून पुढे गेले असते!

पण या वाटाड्यास प्रश्न विचारता येत नाही. तो आपल्या गतीने बोलत राहतो, आणि ज्याच्या मनात शंका उद्भवली त्याने ध्वनिफीत थांबवून स्वतःच शोध घ्यावा लागतो. थांबविण्याची ती कळ फार मोलाची आहे.

याच नगरात एका घरास 'भारतीय मूर्तीचे घर' असे नाव आहे. तेथे १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती सुमारे वीतभर उंचीची आहे. अंगावर भरगच्च अलंकार आणि दोन्ही बाजूंस चिमुकल्या दासी आहेत. ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाया असावा, असा तर्क केला जातो. आता ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. धाराशिव जिल्ह्यातील प्रवासी तिच्यापुढे उभा राहिला, तर त्याने ती कळ अवश्य दाबावी. कारण तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती त्याच्याच जिल्ह्यात, तेर येथे मिळाली आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्वांस परिचित असलेले तेरणाकाठचे हे तेर म्हणजे प्राचीन तगर होय. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुन्या तगरातील वस्तू जतन करून ठेवल्या आहेत. पाँपेईतील मूर्ती नेमकी कोठे घडविली गेली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींचा कल दख्खनकडे आहे.

तगराचा व्यापार समुद्रापार पोहोचला होता, याला लेखी आधार आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषेतील सागरी प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. तेथील जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास नेली जात असे.