हरणाच्या डोक्यावर नेम का धरत नाहीत?

प्रश्न : माझा भाचा नॉर्वेत असतो. तिथे हरणाच्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते आणि नेम छातीवर धरायला शिकवतात, असं तो सांगतो. डोक्यात गोळी घातली तर हरीण झटक्यात मरेल ना? मग छाती का?
– एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : भाचा सांगतो ते खरं आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. गोळी मेंदूत बसली तर मरण तत्काळ येतं. पण हरणाचा मेंदू जेमतेम मुठीएवढा. त्यात डोकं सतत हलतं. चरताना खाली, चाहूल लागली की वर. गोळी चार बोटं चुकली तर जबडा फुटतो. असं हरीण पळून जातं, पण त्याला चरता येत नाही आणि ते कित्येक दिवस तडफडतं.

तुम्ही म्हणाल, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेंसारखा नेमबाज असला तर? त्यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. पण ते लक्ष्य जागचं हलत नाही. हरीण हलतं.

आता छाती पाहा. मटणाच्या दुकानात आपण ज्याला फरा म्हणतो, त्याच्या लगेच मागे, बरगड्यांआड हृदय आणि दोन्ही फुप्फुसं असतात. ही जागा मोठी आणि डोक्यापेक्षा स्थिर. हरीण आडवं उभं असताना गोळी इथे लागली की रक्तदाब कोसळतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणूनच नॉर्वेच्या परीक्षेत १०० मीटरवरच्या रेनडिअरच्या चित्रावर ५ गोळ्या झाडायच्या असतात. पाचही ३० सेंटिमीटरच्या, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसायला हव्यात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. हृदयात गोळी लागली तरी हरीण सिनेमातल्यासारखं जागीच कोसळेल असं नाही. मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर ते पन्नास-शंभर मीटरही धावतं. त्यामुळे ‘पळालं म्हणजे नेम चुकला’ असं समजून शिकाऱ्याने घरी जायचं नसतं; रक्ताचा माग काढत जायचं असतं. सांबरासारख्या मोठ्या हरणांच्या शिकारीत माग काढणारा कुत्रा हाताशी असणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

आपल्याकडे संस्थानकाळात कोल्हापूरचे चित्तेवान काळविटांवर पाळीव चित्ते सोडत. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. जिथे ती चालते, तिथे निदान जनावराचे हाल होऊ नयेत, यासाठी ही परीक्षा. ती पास झालेल्यानेही हरीण पाठमोरं असेल तर, छाती समोर नसल्याने, बंदूक खाली घ्यायची असते.