गाठीत शिरलेले पहारेकरी

फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण आहेत असे समजा. दोघांचे वय सारखे, गाठीचे माप सारखे आणि शस्त्रक्रियाही तीच. तरीही एक जण पुढे दहा वर्षे धडधाकट राहतो आणि दुसऱ्याचा रोग दोन वर्षांतच उलटतो. असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग गाठीच्या आत, सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो.

रक्तातील श्वेतपेशी शरीराचे रक्षण करतात, हे तुम्ही शिकला आहात. त्यांपैकी टी-पेशी इतर पेशींना जणू चाचपून पाहत फिरतात. शरीरातील बहुतेक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडतात. कर्कपेशीच्या जनुकांत बिघाड झालेला असल्यामुळे तिचे काही तुकडे अनोळखी असतात. ते ओळखणारी मारक टी-पेशी तिला चिकटते, तिच्या पटलाला छिद्रे पाडते आणि तिला मारणारी विकरे आत सोडते.

कर्करोगाच्या गाठीत श्वेतपेशी असतात, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. आज त्या मोजता येतात. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे सुमारे ४ मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात. मारक टी-पेशींवर ‘सीडी-८’ नावाचे प्रथिन असते. त्यालाच चिकटणारे प्रतिद्रव्य वापरून या पेशी तपकिरी रंगवतात आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या किती आहेत, हे मोजतात.

पण नुसती संख्या पुरत नाही. जागाही पाहावी लागते. काही गाठींत टी-पेशी थेट आतपर्यंत शिरलेल्या असतात. काहींत त्या किल्ल्याला वेढा घातलेल्या सैन्यासारख्या कडेलाच अडकतात. काही गाठींत त्या जवळजवळ नसतातच. फ्रान्समधील जेरोम गालों व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवले, की या पेशींचा प्रकार, संख्या व जागा पाहून रुग्णाच्या आयुर्मानाचा चांगला अंदाज बांधता येतो. फुप्फुसाच्या कर्करोगातही, मारक टी-पेशी आत भरपूर असलेले रुग्ण सरासरीने अधिक काळ जगतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

आता तुम्ही विचाराल, पहारेकरी आत असूनही गाठ वाढते कशी? टी-पेशीवर ‘पीडी-१’ नावाचा एक ब्रेक असतो. कर्कपेशी तो दाबून तिला थांबवते. हे प्रथिन जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये शोधले. २०१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना व जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळाले. हा ब्रेक सोडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या निवडक रुग्णांना प्रथम दिले, तेव्हा पाच वर्षांनंतर शंभरातील सुमारे ३२ जण हयात होते. नेहमीची रसायने प्रथम दिलेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ होते.

टी-पेशी आतच गेल्या नाहीत तर काय, हे समजण्यासाठी नवी मुंबईकडे वळू. खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त विकसित झालेला एक उपचार तेथे जून २०२१ मध्ये प्रथमच एका रुग्णाला देण्यात आला. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना नवे जनुक देऊन, कर्कपेशी ओळखायला शिकवतात व परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. मात्र ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी. रक्तातील शत्रू टी-पेशींना वाटेतच भेटतो. फुप्फुसातील घट्ट गाठीत मात्र त्यांना शिरावे लागते, आणि शिरल्यावर जागे राहावे लागते. घट्ट गाठींत हा उपचार अवघड ठरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

एक गोष्ट विसरू नका. वरील आकडे समूहाचे आहेत. त्यांवरून एकाच रुग्णाचे भविष्य सांगता येत नाही.

विचार करा : दोन गाठींत मारक टी-पेशींची एकूण संख्या सारखीच आहे. एकीत त्या सर्वत्र विखुरल्या आहेत, दुसरीत फक्त कडेला आहेत. केवळ ब्रेक सोडवणारे औषध कोणत्या गाठीवर अधिक उपयोगी पडेल? का?