पावसाळी चराई, झाडपाला आणि शेळ्यांचे जंत

मृगाचा पाऊस पडून माळ हिरवा झाला की शेळीपालकास हायसे वाटते. उन्हाळ्यात खंगलेल्या शेळ्यांना आता पोटभर चारा मिळेल, ही त्याची अपेक्षा रास्तच असते. परंतु श्रावण-भाद्रपदात, चारा विपुल असताना, एखादी दुभती शेळी वा चार महिन्यांचे करडू कळपामागे रेंगाळू लागते, त्याच्या जबड्याखाली पाणी उतरून सूज लोंबू लागते आणि एके सकाळी ते मेलेले आढळते. भूमिहीन कुटुंबास शेळी ही अडीनडीची ठेव असते. म्हणून ही हानी कशाने ओढवते हे नीट जाणून घेणे अगत्याचे आहे.

या हानीस बहुधा हीमॉन्कस नावाचा गोल कृमी कारणीभूत असतो. हा दोन ते तीन सेंटीमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. एक जंत दिवसाकाठी सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. हे प्रमाण क्षुल्लक वाटते. परंतु असे हजार जंत झाले म्हणजे रोज ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि ३० किलो वजनाच्या शेळीच्या अंगात रक्त असते ते सारे दोन लिटरच्या आसपास. या जंतामुळे हगवण लागतेच असे नाही. त्यामुळे लेंड्या नेहमीसारख्या दिसतात आणि मालक निर्धास्त राहतो.

मादी जंत दररोज हजारो अंडी घालते. ती लेंड्यांवाटे कुरणात पडतात आणि उबदार, दमट हवेत साधारण पाच ते सात दिवसांत त्यांपासून बाधक अळ्या तयार होतात. या अळ्या ओलाव्याच्या आधाराने गवताच्या पात्यावर चढतात, पण फार उंच जात नाहीत. बहुतेक अळ्या जमिनीपासून चार बोटांच्या आतच राहतात. नियंत्रणाचे मर्म येथेच आहे. शेळी ही मूळची झुडपे व झाडांचा पाला ओरबाडून खाणारी. मेंढीप्रमाणे जमिनीलगत चरणे हा तिचा स्वभाव नव्हे, आणि म्हणूनच जंतांविरुद्धची तिची प्रतिकारशक्तीही मेंढीपेक्षा कमी असते. तिला आखूड गवतावर कोंडून चारले तर ती घासाघासाला अळ्या गिळते.

तेव्हा पहिला उपाय असा की, पावसाळ्यात शेळीच्या आहारातील शक्य तितका भाग झाडपाल्याचा असावा. बोर, बाभूळ, खैर, जांभूळ यांच्या पाल्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते पोटातील प्रथिनांचे रक्षण करते, आणि अशा पाल्यामुळे जंतांची अंडी घटल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. मात्र तुरट पाला अतोनात दिल्यास भूक व पचन मंदावते. म्हणून तो इतर पाल्यात मिसळून द्यावा. शेवरी, हादगा, तुती बांधावर लावल्यास प्रथिनयुक्त हिरवा चारा हाताशी राहतो. सुबाभूळही चांगली, पण एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक नको. पाला जमिनीवर न टाकता शेळीच्या डोक्याच्या उंचीवर टांगून बांधावा. तुडवलेला, लेंड्यांनी माखलेला पाला टाळण्याचा हाच सोपा मार्ग.

कडुनिंबाचा पाला चारला की जंत पडतात, असा समज गावोगावी आहे. शेळी तो आवडीने खाते, चारा म्हणून तो अवश्य द्यावा; परंतु त्यावर विसंबून आजारी जनावराचे औषध लांबवू नये.

प्रथिनांचे महत्त्व पाल्याहून कमी नाही. गेलेले रक्त भरून काढण्यास आणि प्रतिकारशक्ती टिकण्यास प्रथिने लागतात. विण्याच्या सुमारास शेळीची ही शक्ती ओसरते व लेंड्यांतून अंडी अधिक पडू लागतात. म्हणून गाभणीच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि दुभत्या काळात भुईमुगाची पेंड व भरडा मिळून रोज पाव किलोच्या आसपास खुराक द्यावा. परवडत नसेल तर सगळ्यांना थोडा थोडा वाटण्यापेक्षा याच शेळ्यांना व दूध तुटलेल्या करडांना द्यावा.

चराईस सोडताना गवतावरील ओल सुकू द्यावी. गवत अर्ध्या वितीपर्यंत खुडले गेले की, आणि शक्यतो पाचव्या दिवसाच्या आत, कळप दुसऱ्या पट्ट्यात न्यावा व त्या जागी निदान सहा आठवडे परत आणू नये. मध्यंतरी तेथे मोठी गुरे चारण्यास हरकत नाही, कारण शेळ्यांचे हे जंत त्यांच्यात सहसा मूळ धरत नाहीत.

औषध मुळीच नको, असा याचा अर्थ नव्हे. सगळ्या कळपाला वारंवार औषध पाजल्याने मात्र न मरणारे जंत मागे उरतात, आणि भारतात अनेक ठिकाणी जुनी औषधे निकामी ठरू लागली आहेत. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचा पाच छटांचा तक्ता तयार झाला. त्यात खालची पापणी उलटून आतला रंग पाहतात: तांबूस असेल त्या शेळीस थांबता येते, फिकी वा पांढरी असेल तिला लगेच औषध द्यावयाचे. पावसाळ्यात दर पंधरवड्यास अशी तपासणी करावी. मात्रा वजनावरून पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी, कारण मेंढीची मात्रा शेळीस बहुधा अपुरी पडते. औषध दिल्याच्या दिवशी व त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी त्याच शेळीच्या ताज्या लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासल्या, म्हणजे त्या गावात ते औषध अजून चालते की नाही हे कळते.