नेटवर्क स्कॅनिंग आणि स्मृतीची काटकसर

बंगळुरूच्या दक्षिणेस 'केओनिक्स' या राज्य शासनाच्या महामंडळाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुमारे ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसविण्यास आरंभ केला. इन्फोसिसचे मुख्यालय आणि ट्रिपल आयटी बंगळुरू ही संस्था याच वसाहतीत आहेत. अशा ठिकाणच्या प्रत्येक आस्थापनेला आपल्या जाळ्यातील कोणत्या संगणकाचे कोणते 'पोर्ट', म्हणजे प्रवेशद्वार, उघडे आहे हे वेळोवेळी तपासावे लागते. यालाच नेटवर्क स्कॅनिंग म्हणतात.

या कामात स्मृती, अर्थात मेमरी, किती लागते? अंतर्गत वापरासाठी राखलेल्या, १० ने सुरू होणाऱ्या आयपी पत्त्यांची संख्याच १ कोटी ६७ लाखांहून अधिक आहे. प्रत्येक पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट. प्रत्येक द्वारासाठी 'तपासले' एवढी एक बिटची खूण ठेवली, तरी १२८ गिगाबाइट स्मृती खर्ची पडेल. लहान उद्योगाच्या जुन्या संगणकाला हे झेपणारे नाही, आणि तपासणी टाळण्याचा मोह नेमका तेथेच होतो.

१९९७ मध्ये आलेले 'एनमॅप' हे साधन पाठविलेल्या प्रत्येक पृच्छेची नोंद ठेवते, उत्तर न आल्यास पुन्हा विचारते. स्मृती आटोक्यात राहावी म्हणून पत्ते गटागटाने हाताळते. मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये तयार झालेल्या 'झेडमॅप'ने निराळा मार्ग धरला: जे पुन्हा मोजता येते, ते साठवायचेच नाही.

एकाच जाळ्यावर भार पडू नये म्हणून पत्ते विस्कळीत क्रमाने तपासावे लागतात. पण तशी यादी साठविणे महाग. येथे अंकगणित मदतीला येते. ७ ही मूळ संख्या घ्या. १ पासून आरंभ करून दर वेळी ३ ने गुणा आणि ७ ने भागून उरणारी बाकी लिहा: १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. प्रत्येक संख्या एकदाच आली, क्रम विस्कटला, आणि लक्षात ठेवावी लागली ती आरंभाची संख्या, गुणक व सध्याची संख्या एवढीच. झेडमॅप हेच ७ ऐवजी ४,२९,४९,६७,३११ ही मूळ संख्या घेऊन करते. आलेले उत्तर आपल्याच पृच्छेचे आहे का, हे ओळखण्यासाठीही तक्ता नाही. गुप्त किल्लीवरून काढलेली खूण पॅकेटमध्येच घातलेली असते व ती उत्तरासोबत परत येते.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही साठा व प्रक्रिया यांतील अदलाबदल होय. तिचीही किंमत आहेच. वाटेत हरवलेल्या पॅकेटचा हिशेब राहत नसल्याने काही संगणक निसटतात. संपूर्ण इंटरनेटच्या पाहणीत ही तूट खपून जाते. रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या अंतर्गत तपासणीत ती खपू नये, असे माझे मत आहे. तेथे गटागटाने जाणारी सावकाश पद्धतच बरी.

परीक्षार्थींनी कायद्याची बाजूही पाहावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना संगणकात प्रवेश करण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. कलम ७०ब नुसार 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय यंत्रणा आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांचे लक्ष्य ठरवून झालेले स्कॅनिंग ही ६ तासांच्या आत कळविण्याची घटना आहे, आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. तपासणाऱ्याने वाचविलेली साठवण ज्याची तपासणी झाली त्याला अशा रीतीने करावीच लागते.