पहिला नंबर कोणाचा? (दोन गाण्यांच्या शर्यतीतून आकड्यांचा पाठ)



आज सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझीच आहे.

मी पाचवीला शिकवते. एका दप्तरमुक्त शनिवारी मुलांना म्हटलं, चला, आपल्या वर्गाचं सगळ्यात आवडतं गाणं ठरवूया. तीन गाणी सुचवली गेली. एक नवीन सिनेमातलं, एक बीटीएसचं, आणि एका मुलीने आजीकडून शिकलेलं भोंडल्याचं. हात वर करायला सांगितले. सिनेमातल्या गाण्याला १७, बीटीएसला १४, भोंडल्याच्या गाण्याला १. तो एक हात तिचाच होता. मी फळ्यावर आकडे लिहिले, १७ भोवती गोल केला आणि 'पहिला नंबर' असं लिहून मोकळी झाले.

वर्ग हसला. सोमवारी पाहते तर वर्गात दोन पार्ट्या! पोषण आहाराच्या पंगतीतसुद्धा वेगवेगळे बसलेले. "तुमचं गाणं हरलं", "तुम्हाला गाण्यातलं काय कळतं", असं सुरू. आणि ती मुलगी, जी रोज परिपाठाला पुढे उभी राहून गायची, ती मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, "घसा दुखतोय मॅडम." आठवडाभर घसा दुखतच होता.

आपण मुलांना क्रम लावायला शिकवतो, पण तो क्रम कसला आहे हे विचारायला शिकवत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणून पुढच्या आठवड्यात एक पाठ घेतला. तो जसाच्या तसा इथे देते.

पाठातून काय साधायचं?

१. सहा अंकी संख्यांची तुलना, बेरीज, वजाबाकी.
२. कोणताही आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे ओळखणं.
३. तथ्य, मत आणि माणसावर मारलेला शेरा यांतला फरक कळणं.

साहित्य : फळा, खडू, वही. मोबाइल लागत नाही.

गोष्ट : १९९५ सालची शर्यत

वर्गातल्याच गाण्यांवर बोललो असतो तर पुन्हा भांडण झालं असतं. म्हणून मुद्दाम लांबची गोष्ट घेतली, जिथे आमच्यापैकी कोणाचाच जीव अडकलेला नव्हता.

इंग्लंडमध्ये दोन बँड होते, ब्लर आणि ओएसिस. ब्लर लंडनचा, शिकल्यासवरल्या मध्यमवर्गीय घरांतल्या पोरांचा समजला जायचा. ओएसिस उत्तरेच्या मँचेस्टर शहरातला, कामगार वस्तीतून आलेला. तेव्हा गाणी 'सिंगल' म्हणून विकली जायची. सिंगल म्हणजे एक मुख्य गाणं आणि सोबत एकदोन जास्तीची गाणी असलेली छोटी सीडी, कॅसेट किंवा रेकॉर्ड. आठवडाभरात कोणतं सिंगल किती खपलं यावरून क्रमवारी लागायची, तिला चार्ट म्हणतात.

१४ ऑगस्ट १९९५ ला दोघांची सिंगल्स एकाच दिवशी बाजारात आली. ब्लरचं 'कंट्री हाउस', ओएसिसचं 'रोल विथ इट'. एका संगीत साप्ताहिकाने तर मुष्टियुद्धाच्या पोस्टरसारखं मुखपृष्ठ छापलं. टीव्हीच्या मुख्य बातम्यांतही ही शर्यत आली. तू ब्लरचा की ओएसिसचा, हे ठरवल्याशिवाय सुटका नाही अशी हवा झाली. दक्षिण विरुद्ध उत्तर, साहेबी विरुद्ध कष्टकरी, असं सगळं त्या दोन गाण्यांवर लादलं गेलं.

२० ऑगस्टला निकाल लागला.

कंट्री हाउस : सुमारे २,७४,०००
रोल विथ इट : सुमारे २,१६,०००

इथे गोष्ट थांबवली आणि विचारलं, "मग कोणतं गाणं चांगलं?" वर्ग एका सुरात ओरडला, "ब्लरचं!" यातलं एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "न ऐकता कळलं?" दोन क्षण वर्ग गप्प झाला, मग स्वतःवरच हसला.

कृती १ : आकड्याला प्रश्न विचारा

आधी साधं गणित. फरक किती? ५८,०००. दोन्ही मिळून किती? ४,९०,०००. हे सगळ्यांना जमलं.

मग एक माहिती दिली. ब्लरचं सिंगल दोन वेगवेगळ्या सीड्यांवर निघालं होतं. मुख्य गाणं तेच, जास्तीची गाणी वेगळी. त्यामुळे पक्का चाहता दोन्ही घ्यायचा. आता सांगा, समजा ५८,००० जणांनी दोन्ही सीड्या घेतल्या, तर ब्लरचं सिंगल घेणारी माणसं किती?

मुलांनी वजाबाकी केली. २,७४,००० वजा ५८,०००. उत्तर आलं २,१६,०००. "मॅडम, बरोबरी झाली!" असा गलका झाला.

तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "पण मॅडम, ओएसिसवाल्याने सीडी पण घेतली आणि कॅसेट पण घेतली असेल तर?" अगदी बरोबर. ही शंका मला सुचली नव्हती. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : प्रती मोजल्या, माणसं नाही. ५८,००० हा आपला 'समजा'चा आकडा आहे, खरोखर किती जणांनी दोन-दोन घेतल्या ते चार्ट सांगत नाही, हेही मुलांना बजावलं.

मग मुलांकडूनच प्रश्नांची यादी काढून घेतली :

- काय मोजलं?
- कोणी मोजलं?
- किती दिवसांचं मोजलं?
- एक माणूस किती वेळा मोजला गेला?
- काय मोजायचं राहून गेलं?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. या आकड्यांत गाणं आवडलं की नाही हे कुठेच नाही. नुसतं विकत घेतलं एवढंच आहे.

कृती २ : पुढे काय झालं?

त्याच वर्षी दोघांचे पूर्ण अल्बम आले. ब्लरचा सप्टेंबरमध्ये, ओएसिसचा ऑक्टोबरमध्ये. तिथे ओएसिस कितीतरी पुढे निघून गेला. त्यांचा तो अल्बम ब्रिटनमध्ये आजवर सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत मोजला जातो. ऑगस्ट १९९६ मध्ये नेबवर्थ इथे त्यांच्या दोन दिवसांच्या कार्यक्रमांना मिळून अडीच लाख लोक आले.

म्हणजे आठवडा मोजला तर ब्लर, वर्ष मोजलं तर ओएसिस. दोन्ही आकडे खरेच.

आणि ज्यांच्या नावाने चाहते एवढे भांडले ते? ब्लरचा गायक डेमन अल्बर्न आणि ओएसिसचा गीतकार नोएल गॅलाघर २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, कर्करोग झालेल्या तरुणांसाठीच्या मदत कार्यक्रमात एकाच मंचावर गायले. हे सांगितल्यावर पंगतीत वेगळे बसणारे दोघे एकमेकांकडे चोरून बघत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

कृती ३ : तीन डबे

फळ्यावर तीन डबे काढले आणि वर्गात ऐकू आलेलीच वाक्यं त्यांत टाकायला सांगितली.

तथ्य : "१७ जणांनी हात वर केले."
मत : "मला या गाण्याचा ठेका जास्त आवडतो."
शेरा : "हे ऐकणाऱ्यांना काय कळतंय?"

तथ्य तपासता येतं. मताचं कारण विचारता येतं. शेऱ्याचं काय करता येतं? एक मुलगी म्हणाली, "फक्त उलटा शेरा." हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. त्या दिवसापासून वर्गाचा नियम ठरला : वाद गाण्यावर घालायचा, ऐकणाऱ्यावर नाही.

पालकांसाठी थोडंसं

घरी सातवी-आठवीतलं मूल बीटीएसचं वेड घेऊन बसलं असेल तर हे उदाहरण उपयोगी पडेल. २०२१ मध्ये त्यांचं 'बटर' अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत एकूण १० आठवडे पहिलं होतं. ही यादी खप, रेडिओ आणि ऑनलाइन ऐकणं या तीन गोष्टी मिळून लावतात. 'बटर' डाउनलोडच्या विक्रीत खूप पुढे होतं. त्याच सुमारास ऑलिव्हिया रॉड्रिगोचं 'गुड फोर यू' ऑनलाइन ऐकण्यात आघाडीवर होतं. दोन्हीकडचे चाहते आपापला आकडा नाचवत होते आणि कोणीच खोटं बोलत नव्हतं. मुलाला "हे काय फालतू" म्हणू नका (तोही शेराच आहे). "हा नंबर कशावरून लावतात रे?" असं विचारा. मूल तासभर बोलेल.

आजी-आजोबांनाही यात घ्या. ब्रिटनचा पहिला चार्ट नोव्हेंबर १९५२ मध्ये छापला गेला, दुकानांना फोन करून खप विचारून. आणि आपल्याकडे रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली तीही १९५२ मध्येच. पुढे तिथेही रेकॉर्डचा खप आणि श्रोत्यांची मतं पाहून गाण्यांना पायऱ्या मिळू लागल्या. कोणतं गाणं वरच्या पायरीवर जाईल यावर घरात पैजा लागायच्या का, ते जरूर विचारा.

आणि आमच्या वर्गाचं काय झालं?

पाठाच्या शेवटी मुलांना म्हटलं, आपल्या तीन गाण्यांसाठी दुसरा एखादा प्रश्न शोधा. एकाने सुचवलं, "घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला यातलं कोणतं गाणं येतं?" हाच गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी आकडे आले : भोंडल्याचं गाणं १९ घरांत, सिनेमातलं ६, बीटीएसचं एकाही घरात नाही, आणि ७ घरांत तिन्हींपैकी कोणतंच नाही.

या वेळी मी कशाभोवतीही गोल केला नाही. फक्त दोन्ही तक्ते शेजारी शेजारी लिहिले आणि वर दोन्ही प्रश्न लिहिले.

ती मुलगी लगेच पुढे आली, असं काही झालं नाही. पण मधल्या सुट्टीत दोघीजणी तिच्याकडून गाण्याचे शब्द उतरवून घेत होत्या. त्यांतली एक 'पहिल्या नंबर'च्या पार्टीतली होती. पुढच्या गुरुवारी परिपाठाला तिघी मिळून उभ्या राहिल्या. घसा बरा झाला होता.

शिक्षक मित्रांनो, वर्गात हात वर करून मतदान घ्याल तेव्हा फळ्यावर आकड्याआधी प्रश्न लिहा, एवढीच विनंती. आणि जिथे एकच हात वर आहे तिथे "तुला हे का आवडतं?" असं विचारायला विसरू नका. मी विसरले होते.

हा पाठ घेतलात तर तुमच्या मुलांनी कोणते प्रश्न काढले ते नक्की कळवा.